उतरणाऱ्यांसाठी सूचना

आमच्या शुगर लँडच्या काकांकडे सहज कुणी जात नसे. दारात उभं राहून "सहज आलो होतो" असं कुणी म्हणालंच, तर काका मनगटावरचं घड्याळ बघत आणि विचारत, "बरं, निघायचं किती वाजता ठरवलंय?" त्यात अपमान करण्याचा हेतू नसे. माणूस आत शिरण्याआधी तो बाहेर कसा पडणार हे ठरलेलं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि हेच म्हणणं त्यांनी ह्यूस्टनच्या आसपासच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत तीस वर्षं पगार घेऊन मांडलं होतं.

काका सेफ्टी इंजिनिअर. कारखान्यात नवा पाइप टाकायचा म्हटलं की मोठ्या टेबलाभोवती मीटिंग भरे आणि काका तिथे बसून एकच शब्द बोलत: समजा. समजा व्हॉल्व्ह अडकला. समजा अडकलेला व्हॉल्व्ह बघायला गेलेला माणूस चष्मा विसरला. समजा तो चष्मा आणायला गेला आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. असं समजत समजत त्यांनी किती अपघात टाळले ते सांगता येत नाही, कारण ते अपघात झालेच नाहीत. रिटायर झाल्यावर कारखाने सुटले, पण 'समजा' सुटलं नाही. ते घरी आलं, आणि घरी काकू होत्या.

मी त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिले. पहिल्या दिवशी काकूंनी चहा टाकला आणि काकांनी मला खोलीच्या खिडकीतून खाली उतरायला लावलं. पलंगाखाली दोराची शिडी होती. "समजा, जिन्यात आग आहे," ते म्हणाले. मी नवी नोकरी, नवं गाव, नवा सलवार-कमीज अशा अवस्थेत खिडकीतून लोंबकळत होते आणि खाली काकू कप हातात धरून शांतपणे उभ्या होत्या. "होतं सवयीने," त्या म्हणाल्या. "आधीच्या मुलीचा पाय मुरगळला होता, पण ती घाई करत होती."

त्यांचा दुसरा लाडका शब्द बफर. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं की अभिनंदनाच्या आधी काका विचारत, "मुहूर्ताला बफर किती ठेवलाय?" विमानतळावर पाच तास आधी. सिनेमाला पाऊण तास आधी, म्हणजे हॉलची दारं बघून घेता येतात. काकू रोज दोन पोळ्या जास्त करत, त्यांचं नाव घरात बफरच्या पोळ्या असं होतं. सिएटलला राहणारा त्यांचा मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, यू नीड टु चिल." काका त्याला विचारत, "कधी? तारीख सांग."

काका मूळचे जळगावचे. तिथे पाणी दिसलं तर ते टँकरमध्ये. अशा गावच्या माणसाला जहाजांचं वेड लागावं हे मला आधी समजत नसे. गॅल्व्हेस्टनचं बंदर आमच्यापासून तासाभरावर, तिथून कॅरिबियनची क्रूझ सुटते, आणि काका-काकू दर वर्षी एक करत. पुढे काकांनीच मला कारण सांगितलं. "जगात ही एकच सुट्टी अशी आहे," ते म्हणाले, "की तिची सुरुवात सेफ्टी ड्रिलने होते. लाइफबोट कुठे आहे हे दाखवल्याशिवाय तुम्हाला जेवायलाच देत नाहीत." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी इतर लोकांच्या चेहऱ्यावर देवळातून बाहेर पडताना बघितलं आहे.

त्यामुळे गावातल्या मराठी मंडळींत कुणी क्रूझला निघालं की काकांचा सल्ला घेऊनच निघे. सल्ला लेखी असे. अलास्का तीन पानं, बहामा दोन पानं. लोक ती पानं घेत, काकांच्या समोर घडी घालून पर्समध्ये ठेवत आणि जहाजावर मजेत सगळं उलटं करत. काकांना हे ठाऊक नव्हतं. काकूंना होतं.

ऑस्ट्रेलियाचं पत्रक मात्र तेरा पानांचं झालं, आणि त्याचं कारण काकूंची थोरली बहीण. तिला सगळे माई म्हणत. माई मुलाबरोबर मेलबर्नला राहायला गेल्या आणि त्यानंतर एकोणीस वर्षं दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, अडचण नव्हती. काका होते. एका वर्षी तिकडे वणवे होते. एका वर्षी विमानाचं मॉडेल नवीन होतं, ते थोडं जुनं होऊ द्यायचं होतं. एका वर्षी काका रिटायर होणार होते, आणि पुढच्या वर्षी ते नुकतेच रिटायर झालेले होते. दर वेळी ते म्हणत, "जायचंच आहे, पण नीट जाऊ." मग माईंच्या किडन्या बिघडल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि त्यांनी इकडे येण्याचा प्रश्न संपला.

एका संध्याकाळी मी खाली जेवायला होते. काकू आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "मला माईला भेटायचंय." आवाज चढवला नाही, पळी मात्र परत पातेल्यात ठेवली नाही. काका म्हणाले, "जाऊ. नीट जाऊ." साध्या माणसाने मेलबर्नचं तिकीट काढलं असतं. काकांनी जहाज काढलं. विमानाने गेलं तर माणूस मेलबर्नमध्ये मोकळा सुटतो. जहाजावर डॉक्टर असतो, लाइफबोट असते, आणि मुख्य म्हणजे परत कधी निघायचं ते छापलेलं असतं. सिडनीहून निघून होबार्ट, मेलबर्न, ॲडलेड आणि पुन्हा सिडनी. मेलबर्नला मुक्काम सकाळी सात ते दुपारी चार. एकटं जाण्यात धोका म्हणून बारा जणांचा ग्रुप. नीट जाण्याला चौदा महिने लागले.

त्या पत्रकाचं नाव होतं 'ऑस्ट्रेलियातील बंदरे: उतरणाऱ्यांसाठी सूचना'. ते मी टाइप केलं, म्हणून मला अजून बरंचसं पाठ आहे. जहाजाचं घड्याळ तेच खरं घड्याळ, फोनवर विश्वास ठेवू नका. ॲडलेडला वेळ अर्ध्या तासाने मागे आहे. अर्धा तास वाचून भारताची वेळ आठवेल, पण गहिवरू नका, घड्याळ बदला. ऊन ढगातूनही लागतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. पोहता येत नसेल त्यांनी झेंड्यांच्या मधेही जाऊ नये. प्लगच्या पिना तिरक्या असतात. टिप देण्याची सक्ती नाही, तेव्हा टेक्सासमध्ये लागलेला अपराधीपणा तिथे नेऊ नका. जहाजावरचं सफरचंद, सँडविच, काहीही खिशात घालून खाली उतरायचं नाही, कुत्री वास घेतात. आणि कलम नऊ, जाड अक्षरात: जहाजापासून अर्ध्या तासाच्या पलीकडे कुणीही जाणार नाही, आणि सुटण्याच्या तीन तास आधी प्रत्येक जण जहाजावर असेल.

माईंचं घर बंदरापासून तासभर लांब होतं. त्यामुळे कलम अकरा असं होतं: 'माई. बंदरासमोरचा कॅफे. पन्नास मिनिटे.' मी टाइप करताना थांबले आणि म्हणाले, "काका, एकोणीस वर्षांनी पन्नास मिनिटं?" ते म्हणाले, "आधी चाळीस होती. मी दहा बफर टाकलाय." काकूंनी ते पान वाचलं, फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि भाजी चिरायला घेतली. मी त्या पानासमोरून रोज जायची आणि मला रोज राग यायचा.

ग्रुपची तालीमही झाली. ऑस्ट्रेलियात गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं. आपण सगळे तसंच बघत मोठे झालो, पण ती सवय टेक्सासमध्ये मेलेली आहे असं काकांचं निदान होतं. म्हणून एका रविवारी दुपारी, भर उन्हात, एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये अकरा ज्येष्ठ मंडळी रांगेत उभी राहिली आणि मी माझी गाडी चुकीच्या बाजूने चालवत त्यांच्या अंगावर न्यायची असं ठरलं. पहिल्याच फेरीत ग्रुपमधले डॉक्टर डावीकडे बघत निघाले आणि माझ्या बॉनेटवर हात टेकून थांबले. डॉक्टर म्हणजे काकांचे जुने स्नेही, हृदयरोगतज्ज्ञ, कुणाचंही न ऐकण्याची सवय असलेले. "तुम्ही मेलात," काका वहीत लिहीत म्हणाले. "पुढचे."

तिसऱ्या फेरीला पोलिसांची गाडी आली. आत बसलेल्या ऑफिसरने काच खाली केली, उन्हात उभ्या असलेल्या लोकांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "फोक्स, एव्हरीथिंग ओके हिअर?"

"यस, ऑफिसर," काका म्हणाले. "वी आर गोइंग टु ऑस्ट्रेलिया."

"नॉट दिस वे, सर," तो म्हणाला. तरी तो दहा मिनिटं थांबला आणि शेवटच्या फेरीत सगळे वाचले तेव्हा त्याने मान डोलावली.

बॅगांची तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी, काकांच्या दिवाणखान्यात. आपली माणसं सातासमुद्रापार निघाली तरी बॅगेत मेतकूट असतंच. काकांनी एकेक बॅग उघडली आणि टेबलावर भाजणी, लोणचं, चकल्या, दोन प्रकारचा चिवडा असं दुकान मांडलं. डॉक्टरांच्या बायकोच्या, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या, बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेला डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला.

"हे फॉर्मवर लिहावं लागेल," काका म्हणाले.

"अहो, घरचे आहेत."

"घरचे आहेत म्हणूनच. डिंक म्हणजे झाडाचा चीक. त्यांना झाडाचं काही चालत नाही."

"त्यांना काय कळतंय डिंक म्हणजे काय ते? सांगायचं, स्वीट्स."

काका खुर्चीत बसले. एवढे दुखावलेले मी त्यांना क्वचितच बघितले. मग त्यांनी कागद घेतला, डिंकाचं शास्त्रीय नाव शोधून लिहिलं आणि डब्याला चिकटवलं. डॉक्टरीणबाईंनी ते लाडू त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना वाटून टाकले. काकांनी दोन खाल्ले.

आता इतकी काळजी घेणाऱ्या माणसाचं जे झालं, ते सांगते. काकूंनी फार पूर्वी अमेरिकन पासपोर्ट घेतला होता. ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांनीही. काका मात्र चौतीस वर्षं ग्रीन कार्डावर, भारतीय पासपोर्ट घट्ट धरून. देशप्रेम वगैरे काही नाही. "समजा परत जावं लागलं," ते म्हणत. तो त्यांचा सगळ्यात मोठा बफर होता. अमेरिकन पासपोर्टवाल्यांची ऑस्ट्रेलियाची परवानगी फोनवरच्या ॲपवर निघाली. काकांना वेगळा अर्ज करून व्हिसा काढावा लागला, तो त्यांनी दहा महिने आधीच काढला. मग त्यांच्या लक्षात आलं की प्रवासाच्या वेळी आपल्या पासपोर्टची मुदत जेमतेम अकरा महिने उरेल. सहा पुरतात. पण काकांना पुरत नाहीत. त्यांनी नवा पासपोर्ट काढला, आणि जुना, रद्द म्हणून कोपरा कापलेला, त्याला रबरबँडने बांधला.

हे रबरबँड आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात सापडतं. नव्या पासपोर्टला जुना बांधायचा, जुन्याला त्याच्याही आधीचा, कारण अमेरिकेचा व्हिसा जुन्यात असला तरी चालतो. विद्यार्थी म्हणून आलो तेव्हापासून हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कुठल्याच पासपोर्टात नसतो. तो नंबराला जोडलेला असतो, आणि नंबर बदलला की तिकडे कळवावं लागतं.

विमान संध्याकाळचं होतं. शुगर लँडहून विमानतळ म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, तरी आम्ही दुपारी एकलाच काउंटरवर होतो. अकरा जणांच्या बॅगा गेल्या. काकांनी मुद्दाम आपला नंबर शेवटी ठेवला होता, मागे कुणी राहू नये म्हणून. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट मशीनवर ठेवला, पुन्हा ठेवला आणि म्हणाली, "सर, आय डोंट सी अ व्हिसा ऑन दिस पासपोर्ट."

काका हसले. त्यांनी रबरबँडचा गठ्ठा सोडवला आणि जुना पासपोर्ट तिच्या पुढे सरकवला. तिने तो उचललासुद्धा नाही. तिने कुठेतरी फोन केला, बराच वेळ ऐकलं, आणि सांगितलं की नवा नंबर जोडून घ्यायला अर्ज करावा लागेल, त्याला काही दिवस लागतील, आज काही होणार नाही. जहाज तर तिसऱ्या दिवशी सुटणार होतं.

डॉक्टरांनी तेवढ्यात खिशातून पत्रक काढलं होतं. "कलम दोन," ते वाचू लागले, "व्हिसा कागदावर नसतो, पासपोर्टच्या नंबरावर असतो. पासपोर्ट बदलल्यास कळवणे." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय, यार." त्यांना यात थोडा आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला सांगू. पण मग मी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

काका काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "आपण दोघांचं कॅन्सल करू. पुढच्या वर्षी नीट जाऊ."

काकूंनी हातातला बोर्डिंग पास बघितला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली. "तुम्ही घरी जा," त्या म्हणाल्या. "मी जाते."

"एकटी?"

"दहा माणसं आहेत की बरोबर."

"समजा, तुला काही झालं..."

"आणि माईला झालं तर?" काकू म्हणाल्या. चौतीस वर्षांत हे 'समजा' त्यांनी पहिल्यांदाच उलट केलं असावं. त्या सिक्युरिटीच्या रांगेत शिरल्या. एकदा मागे वळून मला म्हणाल्या, "त्यांच्या पोळ्या फ्रीजरमध्ये आहेत गं," आणि गेल्या.

परतीच्या दीड तासात मी तीनदा चुकीची लेन घेतली तरी काकांनी टोकलं नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी नवा नंबर जोडण्याचा अर्ज केला, मग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, दोन घड्याळं आणि पत्रक मांडलं आणि तिथून जहाज चालवायला सुरुवात केली. ग्रुपवर मेसेज जात: 'होबार्ट. डेकवर वारा असेल. टोपीला दोरी बांधणे.' 'जिन्यात कठडा धरणे.' 'आज कोणी कोणी सनस्क्रीन लावले? नावे लिहा.' पहिल्या दिवशी अकरा अंगठे आले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोटो पाठवला: होबार्टच्या धक्क्यावर सगळे जण हातात मासे-चिप्सचे पुडे घेऊन, एकाच्याही डोक्यावर टोपी नाही. डॉक्टरांनी काकांना म्यूट केलं होतं, हे मला डॉक्टरांच्या मुलीकडून कळलं. मी काकांना सांगितलं नाही. ते प्रत्येक मेसेजनंतर फोन समोर ठेवून बसत, आणि मी ऑफिसमधून आले की विचारत, "तुझ्या फोनला रेंज आहे ना?"

मेलबर्नचा दिवस तिकडे गुरुवार होता, आमच्याकडे बुधवारची संध्याकाळ. साडेपाच वाजता काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. तिकडे सकाळचे साडेदहा. पत्रकाप्रमाणे माई कॅफेत येऊन वीस मिनिटं झालेली असायला हवी होती. फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"पोचल्या का माई?" काका म्हणाले. "तुमच्याकडे आता तीस मिनिटं आहेत."

"माई कॅफेत येणार नव्हतीच," काकू म्हणाल्या. मागे कसलं तरी मशीन मंद आवाजात चालू होतं. "मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचं डायलिसिस असतं. साडेबारापर्यंत ती खुर्चीवरून उठू शकत नाही. मी तिच्या शेजारी बसलेय. भाचा न्यायला आला होता बंदरावर."

काकांनी पत्रकाकडे बघितलं. भरती-ओहोटीच्या वेळा त्यात होत्या. "तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं वर्ष काढलं असतं."

"पण एक वाजता जहाजावर... तिथून तासभर लागतो. तुला आत्ता निघायला हवं."

"मी बॅग घेऊनच उतरलेय," काकू म्हणाल्या. "जहाजावर ऑफिसात सांगितलं, फॉर्म भरला, सही केली. बाकीचे ॲडलेडला जातील. मी पुढच्या गुरुवारी सिडनीला जाऊन त्यांच्याबरोबर विमानात बसेन. तोवर इथे आहे."

"समजा..."

"समजा काही नाही," काकू म्हणाल्या. "माईचा हात धरलाय मी. दुसऱ्या हाताला सुया आहेत. फोन ठेवते, मला धरता येत नाही दोन्ही."

फोन बंद झाला. मी खिचडी टाकली. जेवताना ते एकदम म्हणाले, "वार बघायला हवा होता. मी तारीख बघितली, वार नाही बघितला." मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी ईमेल आलं. नवा पासपोर्ट जोडला गेला होता, काका आता ऑस्ट्रेलियात जाऊ शकत होते. मी ऑफिसमधून आले तेव्हा दिवाणखान्यात एक छोटी बॅग भरून ठेवलेली होती. यादी नाही, वही नाही. लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशीचं विमान उघडलेलं. अकरा महिने आधी तिकीट काढणारा माणूस उद्या निघणार होता. "सरळ मेलबर्नला जातो," ते म्हणाले. "जहाज वगैरे काही नाही." त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते, आणि मला तेव्हा ते फार आवडले. मीच म्हटलं, आधी काकूंना सांगा.

त्यांनी फोन लावला, सगळं सांगितलं.

"येऊ नका," काकू म्हणाल्या.

काकांना वाटलं, त्यांना प्रवासाची काळजी वाटतेय. ते म्हणाले, "अगं, मला त्रास नाही काही."

"तुमच्यासाठी नाही म्हणत. माझ्यासाठी म्हणतेय. तुम्ही आलात की माईच्या गॅसची नळी तपासाल. तिच्या गोळ्यांचा तक्ता कराल. ती दमेल, मी तुमच्यामागे फिरेन. आम्ही दोघी काल दुपारभर नुसत्या पडून होतो, काही बोललोसुद्धा नाही. मला सात दिवस मिळालेत, त्यातले दोन गेले. उरलेले मला एकटीला हवेत." मग अगदी हळू म्हणाल्या, "रागावू नका. पण एकोणीस वर्षं तुम्ही बरोबर येणार होतात, म्हणून मी येऊ शकले नाही."

काका उभे होते ते खुर्चीवर बसले. "बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "माईंना सांग." काकूंनी विचारलं, काय सांगू? काकांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. "माझं चुकलं म्हणून सांग," ते म्हणाले.

पलीकडे कुजबुज झाली, मग एक म्हातारा, बारीक, खट्याळ आवाज लांबून आला. "त्यांना म्हणावं, लेखी द्या."

काका हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मी पाणी आणलं. ते त्यांनी नेहमीप्रमाणे आधी उजेडात धरून बघितलं आणि मग प्यायले.

काकू ठरल्या दिवशी परत आल्या. त्या प्रवासाबद्दल दोघं माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. काकूंनी फ्रिजवरचं पान काढून टाकलं. पाच महिन्यांनी माई गेल्या. काकू त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "मिळाले तेवढे दिवस चांगले मिळाले." काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. वर आले नाहीत.

माझी नंतर दुसऱ्या राज्यात, हर्नडनला बदली झाली. जाण्याआधी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काकांचं क्रूझविषयीचं वार्षिक व्याख्यान होतं, त्याला मी गेले. पन्नास-साठ लोक होते, पुष्कळ जण ऑस्ट्रेलियाला जायच्या बेतात. पत्रक वाटलं गेलं, तेरा पानी, नव्याने छापलेलं. डिंक, झेंडे, तिरक्या पिना, सगळं होतं. कलम दोन आता लाल अक्षरात होतं. काका उत्साहात होते, समजा-समजा जोरात चालू होतं, डॉक्टर मागच्या रांगेत डुलक्या घेत होते, आणि काकू दाराजवळ चहाच्या कपांशी उभ्या होत्या.

प्रश्नोत्तरांत पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. वहीत पेन टेकवून त्यांनी विचारलं, "काका, मेलबर्नला जहाज नऊ तास असतं म्हणता. तर साधारण काय काय होतं तेवढ्यात? म्हणजे म्युझियम, मार्केट, आणि आमची एक आत्या आहे तिथे, तिच्याकडेही तासभर जाऊन यायचंय."

अशा प्रश्नाला काका उत्तर मिनिटांत देत. त्यांनी पत्रक उचललं, पान उलटलं आणि तसंच हातात धरून उभे राहिले. लोक पेन उघडून वाट बघत होते.

"आत्याचं वय काय?" काकांनी विचारलं.

"असेल ब्याऐंशी-त्र्याऐंशी."

काकांनी पत्रक खाली ठेवलं. "मग जहाजाने जाऊ नका," ते म्हणाले.